समोरच्याला सरळ

वहिनीला वहिनी म्हणणारा हक्काचा माणूस एकच, तिचा दीर. पण त्याने कारखान्यात इतक्या मोठ्याने आणि इतक्या वेळा तिला हाका मारल्या की प्लायवूड आणणारा टेम्पोवाला, बिजागऱ्यांचा दुकानदार, गिऱ्हाइकं, सगळेच तिला वहिनी म्हणू लागले. एका गिऱ्हाइकाच्या आईनेही तिला वहिनी म्हटलं होतं, आणि त्या बाई तिच्या आईच्या वयाच्या होत्या. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. हाक कुठल्याही नावाने मारा, मागून काम येतंय ना, एवढंच ती बघायची.

कारखाना म्हणजे दोन शेड आणि मध्ये पत्र्याची भिंत. पुढच्या शेडमध्ये दीर कपाटं, टेबलं, शेल्फ बनवायचा. मागच्या शेडमध्ये तिचा नवरा पॉलिश करायचा. नवरा अबोल. त्याला काहीही विचारलं की तो तोंडावरचा रुमाल खाली ओढून म्हणायचा, "बघा तुमचं," आणि रुमाल पुन्हा वर. घरातले सगळे मोठे निर्णय या दोन शब्दांवर झाले होते, लग्नासकट.

गिऱ्हाइकाकडे जायची ती वहिनी. दीर कारागीर पहिल्या नंबरचा, पण माणसांशी बोलायची वेळ आली की त्याचं डोकं फिरायचं. "असं कपाट होत नाही," हे त्याचं पहिलं वाक्य आणि बहुधा शेवटचंही, कारण त्यानंतर गिऱ्हाईक उरायचंच नाही. वहिनी मात्र लोकांच्या टेबलाशी बसायची, कागद पसरायची आणि पेन्सिल हातात घ्यायची. मग जे व्हायचं ते बघायला घरातली सगळी माणसं गोळा व्हायची. ती उलटं काढायची.

उलटं म्हणजे तिच्याकडून उलटं. समोर बसलेल्याला ते सरळ दिसायचं. कपाटाचा माथा तिच्या पोटाकडे, पाय गिऱ्हाइकाकडे, आकडेसुद्धा उलटे लिहीत जायची, आणि रेघ अशी की पट्टी लावल्यासारखी. ही कला तिने कुठून मुद्दाम शिकून आणली नव्हती. लग्नाआधी ती बालवाडीत शिकवत होती. बुटक्या टेबलाच्या अलीकडे ती, पलीकडे पोरं. प्रत्येक पोरासाठी पाटी फिरवत बसलं तर दुपार तिथेच व्हायची, म्हणून तिने हातच फिरवून घेतला. बालवाडी सुटली, हात तसाच राहिला.

"काकू, तू डोक्यावर उभी राहून शिकलीस का गं?" पुतणी लहानपणी विचारायची. ही दिराची मुलगी आता मोठी झाली होती. फर्निचरची डिझाइनं कॉम्प्युटरवर करायचा अभ्यास तिने चांगल्या गुणांनी पुरा केला होता आणि बापाच्या कारखान्यात हात घालायला ती तयार होती. मुलगी हुशार, बोलायला तरतरीत, टायपिंग असं की टाचण्या सांडल्यासारखा आवाज. वहिनीचा तिच्यावर जीव होता. म्हणूनच पुढे जे झालं ते जड गेलं.

गावात एक मोठी शोरूम निघाली. तिथे म्हणे भिंतीएवढ्या पडद्यावर तुमचं कपाट फिरवून दाखवतात. दोन-तीन गिऱ्हाइकं तिकडे गेली, तसा दीर हादरला. "आपणही टॅब घ्यायचा," त्याने जाहीर केलं. "एकच. नीट बघून. दोन-दोन खेळणी पोसायला मी काही राजा नाही."

पुतणीने लगेच सांगितलं कुठला. लॅपटॉपच्या जागी चालणारा, मागे टेकू, पुढे चिकटणारा कीबोर्ड, त्यावर तिचं डिझाइनचं सॉफ्टवेअर चालणार, कापायच्या मापांची यादी आपोआप निघणार, अंदाजपत्रक जागेवर तयार. वहिनी दुकानात जाऊन दुसराच बघून आली. तो चित्रं काढणाऱ्यांसाठी केलेला, पातळ, सपाट, सगळं बोटाने नाहीतर पेनाने. कीबोर्ड नाहीच. घरात त्यांची नावंही पडली, उभा आणि आडवा.

"आडव्याने काय होणार काकू? चित्रं काढायला तो ठीक आहे. धंदा करायला उभाच पाहिजे."

"आणि मी इतकी वर्षं काय रांगोळ्या काढत होते?" वहिनी म्हणाली.

दिराने मग त्याच्या पद्धतीने तोडगा काढला, म्हणजे कुऱ्हाडीने. दोन्ही टॅब थोडे दिवस भाड्याने आणायचे. दोघींनी आपापला घेऊन गिऱ्हाइकाकडे जायचं. जिचा टॅब कामाचा ठरेल तो घ्यायचा, आणि जिचा टॅब तिची गिऱ्हाइकासमोरची खुर्ची. दुसरीने मागे बसून मापांच्या याद्या करायच्या.

याद्या करायला वहिनीची ना नव्हती. पण लोकांच्या घरात शिरावं, त्यांच्या भांडणांत आपला कागद पसरावा, नवऱ्याला एक हवं आणि बायकोला दुसरं, त्यातून तिसरंच काढून दोघांनाही ते आपलंच वाटायला लावावं, हे तिचं जगणं होतं. ते गेलं तर उरतंय काय, हे तिला नीट ठाऊक होतं. तोंडाने मात्र ती म्हणाली, "होऊन जाऊ दे."

पहिली पाळी तिची. चष्म्याच्या दुकानात भिंतीवर टांगायचं एक युनिट हवं होतं. वर उघडे खण, फ्रेमा मांडायला, खाली दारं. वहिनीने टॅब काउंटरवर आडवा ठेवला. पहिल्यांदा स्क्रीन स्वतःच्या मनाने गरागरा फिरायला लागली, तेव्हा पुतणीने सांगितलं होतं तसं तिने तिचं फिरणं बंद करून टाकलं, आणि नेहमीसारखं उलटं काढलं. दुकानदार खूश. रुंदीच्या रेघेवर नुसतं ६३, उंचीच्या रेघेवर नुसतं ३६ लिहिलं, इंच ठरलेलेच, आणि बटण दाबून फाइल दिराच्या फोनवर पाठवून दिली. कागद असता तर तो तिने स्वतः नेऊन दिराच्या हातात सरळ करून दिला असता. इथे बटणाने तेवढं काम केलं नाही.

दिराने फोनवर चित्र बघितलं. वहिनी उलटं काढते हे त्याला माहीत होतं, पण यंत्र आहे म्हटल्यावर ते सरळ करूनच पाठवत असणार, असं त्याने धरलं. तरी खात्री करायला त्याने आकडे वाचले. आता घाईत शेपटी न काढता लिहिलेला ३ उलटा केला की ६ होतो आणि ६ उलटा केला की ३. छत्तीस डोक्यावर उभे केले तरी छत्तीसच, त्रेसष्टही त्रेसष्टच. आकडे सरळ दिसले, म्हणजे चित्र सरळ. त्याने वर दारं आणि खाली उघडे खण असं युनिट बनवलं, झकास बनवलं, आणि भिंतीवर लावलं.

"वहिनी," चष्मेवाला म्हणाला, "माझ्या गिऱ्हाइकांनी फ्रेमा गुडघ्यावर बसून बघायच्या का?"

वहिनीने युनिटकडे पाहिलं, मग मान वाकडी करून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "काही बिघडलेलं नाही. उतरवा आणि डोक्यावर उभं करा." तसंच केलं. टांगायच्या पट्ट्या तेवढ्या हलवाव्या लागल्या, बाकी युनिट जसंच्या तसं बसलं. चष्मेवालाही हसला. दीर हसला नाही. वहिनीचा आणि त्याचा कधी छत्तीसचा आकडा नव्हता, पण त्या दिवशी छत्तीसनेच घात केला. "आडवा टॅब, उलटं कपाट," एवढंच तो दिवसभर बोलत राहिला, ज्याला त्याला.

दुसरी पाळी पुतणीची. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंचं घर. त्यांची आई त्यांच्याकडे राहायला आली होती. आजींना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात, उजवा पाय गेलेला, वाचाही गेलेली. एक शब्द तेवढा शिल्लक राहिला होता, "बरं". आजींच्या खोलीत भिंतभर कपाट हवं होतं. औषधं, चादरी, चाकाची खुर्ची, सगळं आत जायला पाहिजे.

वहिनी सोबत गेली आणि कोपऱ्यात स्टुलावर गप्प बसली. पुतणीने टेबलावर उभा टॅब उभा केला, कीबोर्ड चिकटवला आणि कामाला लागली. खोटं कशाला बोलायचं, पोरीने बहार केली. कपाट उभं राहिलं, फिरलं, त्याची दारं उघडली, रंग बदलले. मध्ये ती टॅब बाईंकडे वळवायची, मग टाइप करायला आपल्याकडे, पुन्हा बाईंकडे. कपाटाने अर्धी खिडकी झाकली जात होती, पण त्याला इलाज नव्हता, भिंतच तेवढी होती. चहा संपायच्या आत अंदाजपत्रक बाईंच्या फोनवर.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "फारच छान. आई, आवडलं ना?"

पलंगावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "बरं."

"रंग हाच ठेवू ना आजी?" पुतणीने अदबीने विचारलं.

"बरं."

परतताना पुतणी रस्ताभर बोलत होती. वहिनीला एकच गोष्ट टोचत होती. तिच्या कागदासमोर कुणी इतक्या वेळा छान म्हणायचं नाही. अर्धवट चित्र समोर असलं की माणूस नाक मुरडतो, बोट दाखवतो, "इथं नको हो," म्हणतो. पुरं झालेलं चित्र दिसलं की पाहुणा होतो आणि छान म्हणतो. पण हे आत्ता बोललं तर हरलेल्या माणसाचं रडगाणं वाटेल, म्हणून तिने तोंड मिटून घेतलं.

"ठरलंच म्हणायचं," दीर संध्याकाळी म्हणाला. "वहिनी, राग मानू नका."

"राग कसला? पोर चांगलीच आहे." ते खरं होतं, आणि तरी तिला जेवण गेलं नाही. नवऱ्याने रुमाल खाली घेतला, पण "बघा तुमचं" म्हणाला नाही. नुसताच तिच्याकडे बघत बसला, ते तिला जास्त लागलं.

कापायच्या आधी शेवटची मापं घ्यायला कुणीतरी जायला हवं होतं. पुतणी याद्या करत होती, म्हणून वहिनी निघाली. आडवा टॅब परत द्यायचाच होता, जाता जाता देऊन टाकू म्हणून पिशवीत टाकला. त्यात पुतणीचं चित्र उघडून घेतलं होतं, मापं त्याच्यावरच लिहायची म्हणून.

बाई घरीच होत्या. आजी पलंगावर, समोर जेवणाचं चाकांचं टेबल. वहिनीने भिंत मोजली, खिडकी मोजली आणि लिहायला टॅब त्या टेबलावर आडवा टाकला. ती समोर बसली तर आजी मान वळवून वळवून डावीकडून बघू लागल्या. त्यांना उजवीकडचं नीट दिसत नव्हतं. म्हणून वहिनीने खुर्ची उचलली आणि आजींच्या डाव्या बाजूला, अगदी खेटून बसली.

तिने पहिलं माप लिहिलं. तेवढ्यात आजींचा डावा हात सरकत आला आणि एक बोट स्क्रीनवर टेकलं. जाड काळी रेघ उमटली.

"आई, हात नको लावूस!" बाई धावल्या. "वहिनी, सॉरी हं. तिला कळत नाही."

"लावू द्या."

आजी स्वतःच दचकल्या होत्या. बोट उचलून त्यांनी रेघेकडे बघितलं, मग वहिनीकडे. वहिनीने मान हलवली. तसं ते बोट पुन्हा खाली आलं आणि कपाटावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरायला लागलं. दारं गेली, खण गेले, कपाट सगळं काळं झालं.

"खेळतेय," बाई हळूच म्हणाल्या.

वहिनीने त्या सगळ्या रेघोट्या पुसल्या. कपाट पुन्हा स्वच्छ झालं. "आजी, हे कपाट हवंय तुम्हाला?"

"बरं," आजी म्हणाल्या, आणि बोटाने कपाट पुन्हा खोडलं. या वेळी जोरात. नख काचेवर करकरलं.

वहिनीने पुन्हा पुसलं, आणि आता फक्त भिंत आणि खिडकी ठेवली. "मग काय हवं? तुम्हीच दाखवा."

आजींनी बराच वेळ घेतला. बोट थरथरत होतं, पेन त्या हातात धरवलंच नसतं. खिडकीच्या खाली, पलंगाच्या उंचीला, त्यांनी एक आडवी रेघ ओढली. वाकडी, पण कुठून कुठपर्यंत ते स्पष्ट. मग खिडकीवर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून दिलं. बाहेर रस्ता होता. भाजी घेऊन चाललेली माणसं होती, एक सायकल भिंतीला लावलेली होती.

"ती वर्तमानपत्रांचा स्टॉल चालवायची," बाई म्हणाल्या. "चौकात. सगळा जन्म रस्त्याकडे तोंड करून..." त्या पलंगाच्या काठावर बसल्या. "आई, मी तुला प्रत्येक गोष्ट विचारली. तू सारखं बरं म्हणत होतीस."

मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. चेहरा एकदम पडला. "दुसरं म्हणणार काय होती ती," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आजींनी तो डावा हात टॅबवरून उचलला आणि लेकीच्या गुडघ्यावर थापटत राहिल्या. "बरं," त्या म्हणत होत्या. "बरं, बरं."

वहिनीलाही रडू आलं, ते तिने लपवलं नाही. पण त्या रडण्यात थोडं तिचं स्वतःचंही होतं. इतक्या घरांत ती समोरच्याला सरळ दिसेल असं काढत आली, त्याचा तिला केवढा तोरा होता! आणि एवढ्या वर्षांत पेन्सिल काही तिने कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. लोकांनी बघायचं, काढायचं तिने. आज एका बोटाने तिला न विचारताच काढलं.

डोळे पुसून तिने पेन घेतलं आणि आजींच्या रेघेवरून फळी काढली. शेजारी बसून काढायची म्हणजे सरळ काढायची, आणि सरळ काढताना तिचा हात चक्क अडखळला. आजी बघत होत्या. फळी लांब झाली की त्या बोटाने खोडायच्या, खाली गेली की वर ओढायच्या. औषधांचा खण डाव्या हाताला, चादरी दाराच्या मागच्या भिंतीला. खिडकी पुरी उघडी. शेवटी आजींनी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. त्या वेळी त्या काहीच म्हणाल्या नाहीत, बरंसुद्धा नाही.

कारखान्यात वहिनीने टॅब दिराच्या रंद्याशेजारी ठेवला. त्याने चित्र पाहिलं आणि त्याचा आवाज चढला. "भिंतभर कपाटाचं काम होतं! ही काय फळी घेऊन आलात?"

"आजींनी काढलीय."

"गिऱ्हाईक काढायला लागलं तर आपण काय करायचं?"

"बनवायचं," वहिनी म्हणाली, आणि सगळं सांगितलं. सांगताना तिने काही वाढवलं नाही, पुतणीबद्दल वाकडा शब्दही काढला नाही.

पुतणी ऐकत होती. तिने टॅब उचलला, ती वाकडी रेघ मोठी करून बघितली. तिचे कान लाल झाले. "मी त्यांना विचारलं होतं, काकू. दोनदा. मला वाटलं, हो म्हणाल्या."

"सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं. मी तर स्टुलावरच होते."

"टच तर माझ्यालाही आहे," पुतणी म्हणाली, स्वतःशीच भांडत असल्यासारखी.

"आहे गं. पण भिंतीसारखं उभं असलेल्याला कोण हात लावतं? आणि आडवा टाकलास तर तुझा कीबोर्ड कुठे जाणार?"

पुतणीने उभ्याचा कीबोर्ड काढला, त्याचा टेकू मिटला आणि तो पिशवीत भरला. "हा परत करू, बाबा. याद्या आणि अंदाजपत्रकं मी मागच्या जुन्या कॉम्प्युटरवर करीन. आडवाच घ्या. खुर्ची काकूचीच."

दिराने मान खाजवली. हरल्यावर तो नेहमी मान खाजवायचा. "घ्या तर मग. पण आकडे अक्षरांत लिहायचे, वहिनी. छत्तीस आणि त्रेसष्ट तर नक्कीच." मग म्हणाला, "बसा तुम्ही समोर. पहिल्यासारखं."

"समोर मी नाही बसणार."

दिराने तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने लाकडाला पाणी पाजायला सांगितलं होतं. "अहो, एवढा जीव काढलात त्या खुर्चीसाठी!"

"काढला. आता समोर ही बसेल. लाकूड कुठलं, तारीख कुठली, हे हिने बोलायचं. माझ्यापेक्षा नीट बोलते ती. मी गिऱ्हाइकाच्या शेजारी बसणार."

"आणि ते तुमचं उलटं काढणं?"

"दोघं एकाच बाजूला बसल्यावर उलटं कुणासाठी काढू?" ती म्हणाली. पुतणीजवळ बाकावर बसून तिने टॅब दोघींच्या मध्ये ओढला आणि एक कपाट काढायला घेतलं, सरळ. रेघ वळवळत गेली.

"काकू! हे काय, मुंगीने काढल्यासारखं!"

"हस, हस. या वयात सरळ शिकतेय मी." मग ती थांबली, आणि पेन पुतणीपुढे धरलं. "धर. तू काढ, मी सांगते. नाही पटलं तर माझ्या बोटाला बाजूला कर."

पुतणीने पेन घेतलं. वहिनीचा हात थोडा वेळ तसाच मोकळा टेबलावर राहिला, आणि तिला तो मोकळा हात आवडला.